निवृत्तीनंतरचे हिवाळे कॅराव्हॅनमध्ये: कोण कोण करतंय?

ओसरी | ३ नोव्हेंबर, रात्री ९:१०

गप्पांच्या पानावर दोघा-तिघांनी विचारलं, "हिवाळाभर स्पेनला कॅराव्हॅनमध्ये राहता म्हणजे तिथे नक्की करता तरी काय?" तिथे उत्तर दिलं असतं तर तासाभरात वाहून गेलं असतं, म्हणून हा वेगळा धागा. इथे आणखी कोणी असे हिवाळे काढत असेल, किंवा काढायच्या विचारात असेल, तर जरूर लिहा.

आमच्याबद्दल थोडक्यात. मी रुग्णालयाच्या लॅबमधून निवृत्त झाले, नवरा शाळेत गणित शिकवायचा. लीड्सला डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो आणि सकाळी आठ वाजून गेले तरी दिवे लागतात. थंडीचं एवढं नाही, अंधाराने जीव विटतो. म्हणून नवीन वर्ष लागलं की कॅराव्हॅन गाडीला जोडायची, पोर्ट्समथहून बिलबाओची बोट धरायची आणि झारागोझा, तेरुएल करत व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्याला उतरायचं. मार्च संपेपर्यंत मुक्काम तिथेच. भर जानेवारीत दुपारी सोळा-सतरा अंश आणि झाडांवर संत्री.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सहल समजून जे येतात ते दुसऱ्या आठवड्यात कंटाळतात. किल्ला बघून झाला, चर्च बघून झालं, समुद्रावर फोटो काढून झाले, मग मंगळवारी सकाळी काय? मंगळवारी सकाळी पाणी भरायचं, कपडे धुवायचे, बाजारातून भाजी आणायची. ज्यांना यातच गंमत वाटते त्यांनी कॅराव्हॅन घ्यावी. बाकीच्यांनी खुशाल हॉटेलात उतरावं, त्यात कमीपणा काही नाही.

पाण्याचं चाळीस लिटरचं पिंप असतं. ते आडवं पाडून दांड्याने लोटत नळावर न्यायचं आणि भरून परत आणायचं. सांडपाण्याचं वेगळं. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैल्याची ओढून काढता येणारी टाकी, दोन दिवसांआड रिकामी करायची, हे खातं नवऱ्याकडे. विजेचं गणितही त्याच्याकडेच. बऱ्याच कॅम्पसाइटवर (कॅराव्हॅन लावायच्या भाड्याच्या जागांवर) सहा किंवा दहा अँपिअरच मिळतात. सहा म्हणजे २३० गुणिले ६, जेमतेम १३८० वॉट. घरची किटली तीन हजार वॉटची असते. ती लावली की खांबावरचा खटका पडलाच, आणि पावसात छत्री घेऊन तो वर करायला कोणी जायचं यावरून बोलाचाली. म्हणून आमची किटली छोटी आहे, चहाला वेळ लागतो, आणि वेळ भरपूर आहे.

स्वयंपाकाचं म्हणाल तर डाळी, पोहे, गोडा मसाला, चिंच इकडून नेते. तूप मात्र नेता येत नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये दूध-दुभत्याचं आणि मांसाचं काहीही बरोबर न्यायला बंदी आहे, त्यात तूपही आलं. मग तिथलं बिनमिठाचं लोणी आणून ऑनिंगमध्ये छोट्या गॅसवर कढवते. ऑनिंग म्हणजे कॅराव्हॅनच्या कुशीला लावायचा तंबू, आमची ओसरी तीच. लोणी कढलं की वास आजूबाजूच्या चार बिऱ्हाडांत जातो. शेजारची जर्मन बाई पहिल्या वेळी केक कुठला म्हणून विचारायला आली होती. हल्ली वाटी घेऊन येते.

बाकी विचारा, सवडीने लिहीन.

शंकासुर | ३ नोव्हेंबर, रात्री १०:०२

लेख छान, पण मला हिशोब कळत नाही. कॅराव्हॅनची किंमत, ती ओढायला दणकट गाडी, बोट, विमा, बाकीचे नऊ महिने ती ठेवायचं भाडं. त्यापेक्षा तीन महिने फ्लॅट भाड्याने घेतला तर स्वस्त पडणार नाही का? कॅसेट पण रिकामी करायला नको.

खडूस_काका | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

पडेल. नक्की पडेल. कागदावर फ्लॅटच जिंकतो, उगाच वाद कशाला. हिशोबाने कोणी कॅराव्हॅन घेत नाही, घेतल्यावर हिशोब जुळवतात.

मी वेल्समध्ये असतो, सर्जन होतो. आमच्या व्यवसायाला हा रोग जुना आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातून निवृत्त झालेल्या सर्जनने ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून 'द वाँडरर' नावाची चाकांवरची खोली बांधून घेतली, दोन घोडे जोडले आणि बर्कशरहून पार इन्व्हरनेस गाठलं. हौसेखातर बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून तिचंच नाव घेतात. १९०७ साली इथला कॅराव्हॅन क्लब निघाला तो त्यानंतर. फरक इतकाच की स्टेबल्सकडे गाडीवान होता आणि नोकर होता. माझ्याकडे मी आहे. जन्मभर लोकांची पोटं साफ केली, आता कॅसेट करतो. सवयीचं काम आहे.

ओसरीताई, तुमच्या वाटेवरचं तेरुएल लोकांना नीट सांगा. स्पेन म्हणजे ऊन असं डोक्यात घेऊन निघतात आणि पहिल्याच मुक्कामी कुडकुडतात. तो भाग पठाराचा, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर, स्पेनमधल्या सगळ्यात थंड शहरांत त्याची गणना. तिथे ब्युटेनचा सिलिंडर घेऊन गेलात तर हीटर लागणारच नाही. ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास व्हायची थांबते, प्रोपेन उणे चाळीसपर्यंत दम धरतो. म्हणून ब्रिटनमधून निघताना प्रोपेनचा लाल सिलिंडर घ्यायचा, ब्युटेनचा निळा नाही. तो तिकडे बदलून मिळत नाही, तेव्हा पुरवून वापरायचा. किनाऱ्याला पोचल्यावर तिथली नारिंगी साडेबारा किलोची ब्युटेनची टाकी चालते, पण तिला तिथला रेग्युलेटर लागतो.

ओसरी | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

काका, तेरुएलला रात्री पाण्याचं पिंप आत आणून ठेवतो आम्ही, तेव्हा अगदी खरं आहे. आणखी एक: थंडी तीन अंशांपर्यंत उतरली की बॉयलरला बसवलेला झडपेचा खटका आपोआप उघडतो आणि टाकीतलं सगळं पाणी खाली सोडून देतो, गोठून टाकी फुटू नये म्हणून. नवीन माणसाला वाटतं गळती लागली. पहाटे टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे पडलेले निवृत्त गृहस्थ दिसले तर समजावं, पहिलाच हिवाळा आहे.

शंकासुर, फ्लॅटमध्ये शेजारी कोण राहतो ते तीन महिन्यांत कळत नाही. आमच्या गल्लीत (कॅम्पसाइटवरच्या रांगेला आम्ही गल्लीच म्हणतो) सकाळी नऊपर्यंत कुणाच्या खिडकीचा पडदा वर गेला नाही तर कोणीतरी जाऊन दार वाजवतं. असा कुठे नियम लिहिलेला नाही. बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे, अर्धे एकटे. कोपऱ्यावर एक डच आजी आहेत, नवरा गेल्यावर मुलांनी कॅराव्हॅन विकायला सांगितली, त्यांनी ऐकलं नाही. आता भाचा गाडी आणून लावून देतो आणि विमानाने परत जातो, मार्चमध्ये न्यायला येतो. आजी रोज दुपारी पेतांक खेळतात, ते लोखंडी गोळे टाकायचा फ्रेंच खेळ, आणि हरल्या की चिडतात.

लेक_इकडे | ४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

माझे आईबाबा बर्मिंगहॅमला असतात. बाबा ७१, पाच वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय, तब्येत ठणठणीत. ऑक्टोबरमध्ये एका प्रदर्शनात गेले आणि मोटरहोमच्या, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या घरगाडीच्या, प्रेमात पडून आले. चार टनांच्या वरचं धूड आहे, आत चक्क ओव्हन. विक्रेता म्हणाला, "काका, तुमच्याकडे जुनं लायसन्स आहे, काही प्रश्न नाही." आईचा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. मला झोप नाही. काय काय बघायला हवं ते सांगाल का?

खडूस_काका | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

विक्रेत्याने अर्धं सांगितलं, उरलेलं अर्धं मी सांगतो.

१ जानेवारी १९९७ च्या आधी ज्यांनी इथली गाडीची परीक्षा पास केली त्यांच्या लायसन्सवर सी१ आपोआप असतं, म्हणजे साडेतीन टनांपासून साडेसात टनांपर्यंतचं वाहन चालवता येतं. पण ते सत्तरीपर्यंत. सत्तरीला साधं लायसन्स दर तीन वर्षांनी नवीन करावं लागतं, त्याला पैसे पडत नाहीत, तब्येतीचं आपलं आपण लिहून द्यायचं. सी१ टिकवायचं असेल तर मात्र डी४ नावाचा फॉर्म डॉक्टरकडून तपासणी करून भरून घ्यावा लागतो, डोळ्यांसकट. बाबांनी सत्तरीला नूतनीकरण करताना हे केलं होतं का ते विचार. केलं नसेल तर सी१ गेलं, आणि ते धूड चालवणं बेकायदा. मग विमा कंपनी काय म्हणेल ते तुला सांगायला नको.

स्टेंटमुळे लगेच नाही म्हणत नाहीत, पण जड गाडीसाठी हृदयाचे निकष कडक आहेत, चाचणी सांगू शकतात. गाडी घेण्याआधी हे उरकून घ्या. नाहीतर साडेतीन टनांच्या आतली घ्या, त्यातही दोघांचा संसार ऐसपैस मावतो. ओव्हन लागतो कशाला? दोन माणसांना काय भाजायचं असतं इतकं?

ओसरी | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

लेकी, पासपोर्टचं मी सांगते, कारण यावरच सगळ्यात जास्त गोंधळ असतो.

बाबा ब्रिटिश नागरिक असतील तर त्यांना व्हिसा नको, पण शेंगेन देशांत (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. पुष्कळांना वाटतं की १ जानेवारीला मीटर शून्यावर येतं. तसं नाही. आजच्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात आत किती काढले ते बघायचं. शिरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरायचे. स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स सगळं एकाच खात्यात, फ्रान्समधून नुसतं गाडीने गेलात तरी ते दिवस त्यातच. आमचे गणिताचे मास्तर याची वही ठेवतात. पूर्वी शिक्के पुसट असायचे आणि लोक निभावून न्यायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद व्हायला सुरुवात झालीय, तेव्हा आता दिवस आपण मोजले नाहीत तरी ते मोजणार.

आईंचा पासपोर्ट भारतीय आहे, तर त्यांना शेंगेन व्हिसा लागेल. इथलं कायम वास्तव्य असलं तरी तो चुकत नाही. व्हिसावर दिवस किती दिलेत ते बघूनच परतीची बोट ठरवा. बाबांना नव्वद आणि आईंना पंचेचाळीस मिळाले तर पंचाईत, हे आमच्या ओळखीत झालेलं आहे. बाई विमानाने परत गेल्या आणि साहेब दीड महिना तिथे पाव-अंडी खाऊन राहिले.

तब्येतीसाठी दोघांनी जीएचआयसी कार्ड, म्हणजे युरोपात चालणारं ब्रिटनचं सरकारी आरोग्य कार्ड, काढा, फुकट असतं. सरकारी दवाखान्यात गरजेचे उपचार त्यावर होतात. पण उचलून घरी आणायचा खर्च त्यात येत नाही, तेव्हा प्रवासविमा हवाच, आणि स्टेंटचं लपवू नका. सत्तरीनंतर काही पॉलिसी एका प्रवासाला ३०-४० दिवसच देतात, बारीक अक्षरं वाचा. आणि उलट बाजूने घराचा विमाही बघा. घर ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर बऱ्याच पॉलिसी पाइप फुटल्याचे पैसे देत नाहीत. निघताना पाण्याचा मुख्य नळ बंद आणि किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे.

वाळवंटी_उंट | ५ नोव्हेंबर, पहाटे ४:४०

अमेरिकेतून हजर. मी न्यू जर्सीचा, बर्फ उपसून उपसून पाठ गेली तेव्हा हा उद्योग सुरू केला. आमचा हिवाळा अ‍ॅरिझोनात, क्वार्टझसाइटला.

आमच्याकडे नव्वद दिवसांची कटकट नाही, पण नळही नाही. केंद्र सरकारची मोकळी वाळवंटी जमीन आहे. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा सगळा हंगाम राहायचे १८० डॉलर, फक्त दोन आठवड्यांचे ४० डॉलर. जागा आखलेल्या नाहीत, जिथे खडे टोचणार नाहीत तिथे गाडी लावा. वीज आपली आपण, छतावरचे सौर पत्रे आणि लिथियमच्या बॅटऱ्या. पाण्याची टाकी आणि मैल्याची टाकी दोन्हींवर लक्ष. टाकी भरत आली की बायको भांडी कमी वापरायला लागते, खिचडीचे दिवस सुरू होतात.

उन्हाळ्यात ते गाव अगदी छोटं असतं, जानेवारीत आरव्हीचं (घरगाड्यांना इकडे आरव्ही म्हणतात) मोठं प्रदर्शन भरतं तेव्हा जिकडे नजर टाकाल तिकडे पांढरी छपरं. गावात एक पिरॅमिड आहे, वर तांब्याचा उंट. खाली हाजी अली नावाचा माणूस पुरलाय. अमेरिकन सैन्याने १८५० च्या दशकात वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर हा उंटवाला आला. गोऱ्यांना नाव उच्चारता येईना, त्याचं 'हाय जॉली' केलं. १९०२ साली तिथेच वारला. माझं टोपणनाव त्याच्यावरून. आम्हा देशी लोकांची नावं तरी कुठे धड उच्चारतात, तेव्हा मला तो माणूस आपलाच वाटतो.

तब्येतीचं आमच्याकडे वेगळं त्रांगडं. साधं मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) असेल तर ते घेणारा कुठल्याही राज्यातला डॉक्टर चालतो. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज घेतलं तर बहुधा घराजवळचे ठराविक डॉक्टर, अ‍ॅरिझोनात फक्त तातडीचं बघतात. फिरतीवरच्या माणसाने हे आधी ठरवावं. दातांना मेडिकेअर जवळपास काहीच देत नाही, म्हणून युमा शहराजवळ सीमेपाशी गाडी लावून सगळे म्हातारे पायी सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लोस अल्गोदोनेसला जातात. एवढंसं गाव, पावलापावलावर दातांचे दवाखाने. जाताना पासपोर्ट, येताना नवी दाढ आणि रांगेत दोन तास.

बासष्ट पूर्ण झालेल्या नागरिकांनी आणि ग्रीन कार्डवाल्यांनी राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा पास जरूर घ्यावा. ८० डॉलरमध्ये जन्मभराचा. पुष्कळ सरकारी कॅम्पग्राउंडवर निम्मं भाडं पडतं.

शंकासुर | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

उंटराव, हे जवळपास फुकटात राहणं आवडलं. ओसरीताई, स्पेनमध्ये असं मोकळ्या जागेत नाही का लावता येत? नदीकाठी वगैरे?

ओसरी | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

नदीकाठी तर अजिबात नाही! किनाऱ्याजवळ 'रांब्ला' असतात, म्हणजे कोरडी ओढ्याची पात्रं. वर्षभर त्यात धूळ असते, सपाट, मोकळी, सावलीची. गाडी लावायला मोह पडतो. पण मागे डोंगरावर पाऊस झाला की तासाभरात तिथून गाड्या वाहून जातात. इथे आभाळ निरभ्र असलं तरी. ऑगस्ट १९९६ मध्ये पिरिनीजच्या पायथ्याशी बिएस्कासला अशाच एका ओढ्याच्या तोंडाशी अधिकृत कॅम्पसाइट होती, संध्याकाळी लोंढा आला आणि ८७ माणसं गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॅलेन्सियाच्या आसपास काय झालं ते तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आम्ही जागा ठरवताना मालकाला पहिला प्रश्न विचारतो, पावसाचं पाणी कुठून जातं. दुसरा प्रश्न ऊन किती वाजता येतं.

आणि फुकट हवंच कशाला? लांबच्या मुक्कामाचे हिवाळी दर उन्हाळ्याच्या मानाने कितीतरी कमी असतात. वीज मीटरप्रमाणे.

कांगारूमावशी | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मेलबर्नहून नमस्कार. आमचा हिवाळा तुमच्या उलट, जून ते ऑगस्ट. इथे निवृत्त मंडळींना 'ग्रे नोमॅड' म्हणतात आणि मे लागला की सगळे उत्तरेला पळतात, ब्रूम, डार्विन, कारुंबा. तिकडे तेव्हा कोरडा ऋतू, आकाश स्वच्छ.

आमचं दुखणं अंतराचं. दोन पेट्रोल पंपांमध्ये दोनशे-तीनशे किलोमीटर, मध्ये फोनला रेंज नाही. समोरून तीन-चार डब्यांचा ट्रक येतो, 'रोड ट्रेन', पन्नास मीटरच्या वर लांब. तो शेजारून गेला की कॅराव्हॅन अशी हेलकावते की आत मसाल्याचा डबा सांडतो. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचाच, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. आमचे हे म्हणतात, पन्नास वर्षं संसार करून जे ऐकलं नाहीस ते कांगारूने ऐकवलं: चार वाजता थांब म्हटलं की थांबतेस.

खडूस_काका | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

मावशी, हेलकाव्यावरून सांगतो, कारण यात माणसं मरतात. कॅराव्हॅन मागे सापासारखी वळवळायला लागली तर ब्रेक दाबायचा नाही आणि चाक इकडेतिकडे फिरवायचं नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हलकेच उचला, चाक सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. मुळात वळवळू नये म्हणून जड सामान चाकांच्या आसावर, खाली. तांदळाचं पोतं मागच्या कपाटात टाकलंत की शेपूट जड होते आणि वळवळ सुरू. आपल्या बायका सामान भरताना हे ऐकत नाहीत. पुरुषही ऐकत नाहीत, पण ते नकाशा बघतोय असं दाखवतात.

टायर बघा. कॅराव्हॅनचा टायर झिजत नाही, म्हातारा होतो. नऊ महिने एका जागी उभी राहून बाजूला चिरा पडतात. टायरवर चार आकडे असतात, ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. पाच वर्षं झाली की बदलायचा विचार, सातच्या पुढे नाहीच, नक्षी कितीही कोरी दिसली तरी.

आणि ओसरीताईंचं तूप ऐकून कोणी ऑनिंगमध्ये कोळशाची शेगडी पेटवू नका. निखारे विझत आले तरी कार्बन मोनॉक्साइड सोडतात, त्याला वास नसतो. थंडी वाजते म्हणून विझत आलेलं बार्बेक्यू तंबूत घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. गॅसवर करतानाही तंबूची चेन उघडी ठेवायची. अलार्म बसवा, बॅटरी तपासा.

ओसरी | ५ नोव्हेंबर, दुपारी १:१०

चेन पूर्ण उघडी असते काका, नाहीतर वास जर्मनीपर्यंत कसा गेला असता!

पुणेरी_पाटी | ५ नोव्हेंबर, रात्री ८:३०

हे सगळं परदेशातल्यांचं झालं. आम्ही कोथरूडकर निवृत्त झालो तर काय करायचं? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं ना? कोकणात डिसेंबर-जानेवारी काय सुंदर असतो. आपल्याकडे का होत नाही?

एसटीवाले_आबा | ५ नोव्हेंबर, रात्री ९:४५

मी एसटीत ड्रायव्हर होतो, कोकणातले सगळे घाट तोंडपाठ. धोरण आहे, भाड्याने ड्रायव्हरसकट गाड्याही मिळतात. दोन-चार दिवस मौज म्हणून ठीक. पण ताई लिहितात तसा तीन महिने संसार थाटायचा तर अडचण रस्त्याची नाही, मैल्याची. ती कॅसेट रिकामी कुठे करणार? वीज मिळेल, पाणी कुठल्याही वाडीत देतील, जेवायलाही बसवतील. घाण टाकायची सोय कुणी केलेली नाही. ती जागोजागी झाली की बाकीचं लोक आपोआप करतील.

काही जण जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन आत पलंग-ओटा ठोकतात. आरटीओला न विचारता ठोकू नका. कंपनीने दिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला कायद्याची बंदी आहे, कलम ५२. अपघात झाला तर विमावाले नेमकं तेच कलम काढतात.

आम्ही नवराबायको काय करतो सांगू? साधी गाडी, डिकीत स्टोव्ह आणि दोन खुर्च्या. रात्री ओळखीच्या कंडक्टरच्या गावी मुक्काम. त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

वाळवंटी_उंट | ६ नोव्हेंबर, पहाटे ५:१५

आबा, तुमचा जथा आमच्यापेक्षा श्रीमंत आहे. इथे ओळखीचा कंडक्टर मिळत नाही.

शंकासुर | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:००

शेवटची शंका. बावीस-तेवीस फुटांत दोन माणसं तीन महिने. भांडणं होत नाहीत?

ओसरी | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:३५

होतात की. पण फुगून बसायला दुसरी खोली नसते, त्यामुळे लवकर मिटतात. फार झालं तर एक जण पिंप घेऊन पाण्याला जातो. नळावर कायम कुणीतरी रागावलेलं भेटतंच, तिथेच मैत्र्या होतात. मला आठवतं, एका फ्रेंच बाईंशी माझी ओळख तशीच झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तक्रार कळली.

खरी पंचाईत वेगळी. जोडीत गाडी चालवणारा एकच असतो, बहुधा नवरा. त्याला मध्येच काही झालं की बायको, कॅराव्हॅन आणि गाडी तिघी परदेशात अडकतात. मी साठीनंतर एक दिवसाचा कॅराव्हॅन ओढायचा वर्ग केला, क्लबतर्फे असतात. रिव्हर्स घ्यायला शिकले. आता बोटीवर मी चढवते. बायकांनो, हे शिकून घ्याच. बाकी सगळं इथे विचारून होईल, हे नाही.

लेक_इकडे | ८ नोव्हेंबर, रात्री ९:२०

ताई, काका, खूप आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. सत्तरीला डी४ भरलाच नव्हता, म्हणजे सी१ गेलेलंच आहे. दोन दिवस घरात सुतक होतं. आज साडेतीन टनांच्या आतली बघून आले, ओव्हन नाही. आईने ओसरीताईंची शेवटची पोस्ट वाचली आणि तिने स्वतःसाठी त्या वर्गाला नाव घातलं, बाबांना न सांगता. व्हिसाचा अर्जही तीच भरतेय. जानेवारी यंदा जमणार नाही, फेब्रुवारीच्या मध्याला निघू म्हणतात.

आईचा एकच प्रश्न उरलाय. कुकर तीन लिटरचा न्यायचा की पाच?

ओसरी | ८ नोव्हेंबर, रात्री ९:३५

पाच. शेजारी येतातच.

खडूस_काका | ८ नोव्हेंबर, रात्री ९:५०

तीन. वजन बघा. आणि झाकणाची जास्तीची रिंग न्या, स्पेनमध्ये आपल्या कुकरची मिळत नाही.

कांगारूमावशी | ८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पाचच. पुरुषांना विचारू नका. आणि पहिली शिट्टी व्हायच्या आत शेजाऱ्यांना सांगून ठेवा, आमच्याकडे एकदा कॅम्पसाइटचा मालक आग विझवायचं सिलिंडर घेऊन धावत आला होता.